घट पिवळा पडला म्हणून देवी कोपत नाही

नवरात्र जवळ आलं की एक निरोप घरोघरच्या मोबाइलवर फिरू लागतो. घट, म्हणजे त्याभोवती पेरलेलं धान्य, पिवळा पडला किंवा बुरसला तर देवी रुष्ट झाली समजा. अखंड दिवा विझला तर घरावर संकट. नवरात्राचे दिवस नऊच भरले पाहिजेत. आणि नऊ दिवसांचे नऊ रंग सप्तशती या देवीच्या ग्रंथात दिलेले आहेत. चारही गोष्टी चूक आहेत. पहिलीनं घरातल्या बायकांच्या जिवाला सर्वांत जास्त घोर लागतो, म्हणून आधी घट.

देवघराच्या कोपऱ्यात ऊन पोचत नाही. उजेड नसला की हरितद्रव्य तयार होत नाही, कोंब उंच आणि पिवळेच वाढतात. दसऱ्याला टोपीत खोवतात ते हेच पिवळे तुरे.

बुरशीचं कारण पाणी. पत्रावळीवर किंवा परडीत दोनेक इंच चाळलेली शेतातली माती, तीत रात्रभर भिजवलेलं धान्य, वर बोटाच्या पेराएवढीही नको इतकी पातळ माती आणि मधोमध पाण्यानं भरलेला कोरा मातीचा घट, ही जुनी मांडणी. घट पाझरतो, तेवढी ओल बियांना पुरते. त्याजागी तांब्याचा कलश किंवा ऑइलपेंटनं रंगवलेला बाजारचा घट ठेवला की पाझर बंद. मग वरून तांब्यानं पाणी ओततात, खाली बिनभोकाचा प्लास्टिकचा ट्रे. तिसऱ्या-चौथ्या माळेला, म्हणजे दिवशी, पांढरी बुरशी हजर. घट पाझरणारा नसेल तर पाणी हातानं शिंपडावं, तेही मोजून: माती मुठीत दाबली तर गोळा व्हावा, पाणी गळू नये. वर सोडलेल्या माळेची कुजकी फुलं मातीवर पडली असतील तर वेचून टाकावीत.

काहीच उगवलं नाही, तर धान्य तपासा. पॉलिश केलेला तांदूळ उगवत नाही, टरफलासकट साळ लागते. डाळ उगवत नाही, अख्खे मूग लागतात. डब्यात वर्षानुवर्षं पडलेले गहूही दगा देतात. आठ दिवस आधी प्रत्येक धान्याचे दहा दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवा. सातांपेक्षा कमी दाण्यांना मोड आले तर धान्य बदला. कोणता दाणा जोमानं आला हे पाहून रब्बीच्या बियाण्याचा अंदाज बांधणारे शेतकरी आहेत, त्यांना हे सांगावं लागत नाही. मात्र कृषी केंद्रातलं लाल-गुलाबी रंगाचं बियाणं घटात घालू नये. त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं आणि प्रसाद म्हणून हे अंकुर पोरांच्या हातात जातात.

दिवा शांत होतो तो काजळी धरल्यानं, तेल संपल्यानं किंवा पंख्याच्या वाऱ्यानं. वात बदलताना नवी वात जुनीवर पेटवून घ्यावी, मगच जुनी काढावी. दिव्यावर काच ठेवली असेल तर तिला खालून हवा जायला फट हवी. शेजारी छोटी समई तेवत ठेवली की एक शांत झाली तरी ज्योत हाताशी राहते. तरीही विझला, तर पुन्हा लावायचा. झालं.

दिवसांचं म्हणाल तर तिथी चोवीस तासांची नसते. साधारण 19 ते 26 तासांची असते. म्हणून क्षय-वृद्धी होते, म्हणजे एखादी तिथी गळते, एखादी दोन दिवस येते. 2021 मध्ये नवरात्र आठ दिवसांचं होतं, 2025 मध्ये दहा. पंचांग उघडलं की हे दिसतं. घट नवमीला उठवायचा की दशमीला, हेही घरच्या कुलाचारावर. तुळजापुरात तर दसऱ्यानंतर देवी पौर्णिमेपर्यंत पुन्हा निद्रेत असते.

राहिले रंग. सप्तशतीचे तेराही अध्याय चाळा, दिवसागणिक साडीचा रंग कुठेच नाही. हे रंग 2000 नंतर वर्तमानपत्रांमुळे घरोघरी पोचले, आणि त्यांची किल्ली वारात आहे: सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी केशरी. सात वार संपले की उरलेल्या दिवसांना गुलाबी, जांभळा, मोरपंखी यांतले रंग जोडतात. म्हणूनच 2024 ची पहिली माळ गुरुवारी आली तर पिवळा, 2025 ची सोमवारी आली तर पांढरा. हौस म्हणून नेसा, ऑफिसात फोटो काढा. पण राखाडी साडी नाही म्हणून शनिवारी आरतीला मागे उभं राहायचं काही कारण नाही.