सलाह की हालांड? मला तर टार्कोव्हस्कीच्या दोन गुणांची उत्सुकता

उद्या, १५ ऑगस्ट २०२५ला, रात्री ११ वाजता फॅन्टसी प्रीमियर लीगच्या नव्या मोसमाची पहिली डेडलाइन. इंग्लंडच्या फुटबॉल लीगवरचा हा ऑनलाइन खेळ: शंभर मिलियनच्या काल्पनिक बजेटमध्ये पंधरा खेळाडू निवडायचे आणि खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे गुण मिळवायचे. लिव्हरपूल-बोर्नमथ सामना सुरू होईल तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतील. १५ ऑगस्टची सुट्टी, शनिवारी दहीहंडी, मग रविवार. जागरण करायला याहून चांगला मुहूर्त मिळणार नाही.

आठवडाभर सगळ्या ग्रुपवर एकच वाद सुरू आहे: लिव्हरपूलचा साडेचौदा मिलियनचा सलाह घ्यायचा की मँचेस्टर सिटीचा चौदाचा हालांड? त्यावर माझं मत खाली देतोच. पण मला मनापासून वाटतं की या मोसमातली सगळ्यात मोठी गोष्ट या दोघांच्या पलीकडची आहे. डिफेन्सिव्ह कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे ज्याला सगळे आत्तापासूनच डेफकॉन म्हणायला लागलेत, तो नवा नियम.

ज्यांनी अजून वाचला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डिफेंडरने एका सामन्यात क्लिअरन्स, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि टॅकल (चेंडू दूर घालवणं, अडवणं, मधेच पकडणं, हिसकावणं) मिळून दहाचा आकडा गाठला की त्याला दोन गुण. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी हा आकडा बारा, पण त्यांच्या हिशोबात सुटा चेंडू ताब्यात घेतलेलाही धरतात. एका सामन्यात जास्तीत जास्त दोनच गुण. नऊवर थांबलात तर काहीच नाही. म्हणजे ८८व्या मिनिटाला डोक्याने बाहेर काढलेला एक साधा कॉर्नर आता तुमच्या टीमला दोन गुण मिळवून देऊ शकतो.

आजवर काय व्हायचं? डिफेंडर नव्वद मिनिटं जीव तोडून खेळला, टीम ०-२ हरली, तर त्याला खेळल्याचे दोन गुण मिळायचे आणि दोन गोल खाल्ले म्हणून त्यातला एक कापला जायचा. हातात उरायचा एक. चूक गोलकीपरची असो वा मिडफिल्डची, शिक्षा याला. त्यामुळे आपण सगळे डिफेंडर निवडताना खरं तर क्लब निवडत होतो: आर्सेनलचे दोन, लिव्हरपूलचा एक, झालं काम. माणूस कसा खेळतो हे बघायची गरजच नव्हती.

मी कोल्हापूरचा. आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार असला सामना असला की गॅलरीतल्या माणसाला स्टॉपरचं, म्हणजे बचावाच्या मधोमध उभ्या खेळाडूचं, काम कळतं. गोललाइनवरून काढलेल्या चेंडूला गोलइतकाच आवाज होतो. फुटबॉल असा बघत मोठा झालेला माणूस फॅन्टसीत वर्षानुवर्षं फक्त गोल, असिस्ट (गोलसाठी दिलेला पास) आणि क्लीन शीट (एकही गोल न खाणं) मोजत बसला होता. हा नियम फार आधी यायला हवा होता, आणि तो आला याचा मला खरंच आनंद झालाय.

आता पहिल्या आठवड्यात याचा फायदा कोणाला? माझ्या यादीत पहिलं नाव एव्हर्टनच्या जेम्स टार्कोव्हस्कीचं, किंमत साडेपाच. मॅनेजर मोयेसची ही टीम मागे बसून खेळते, बॉक्समध्ये चेंडू येत राहतात आणि हा गडी ते बाहेर काढत राहतो. त्यात पहिला सामना लीड्सच्या मैदानावर, सोमवारी, आपल्याकडे मध्यरात्रीनंतर. प्रीमियर लीगमध्ये परतलेल्या लीड्सचा घरचा पहिला सामना म्हणजे एलंड रोडवर आवाजाचा कहर असणार आणि सुरुवातीचा अर्धा तास एव्हर्टनच्या बॉक्समध्येच जाणार. क्लीन शीट गेली तरी टार्कोव्हस्कीचे दोन गुण कुठे जात नाहीत.

दुसरं नाव नॉटिंगहॅम फॉरेस्टचा मिलेन्कोविच. त्याचीही किंमत साडेपाच. गेल्या मोसमात याने लीगमध्ये ५ गोलही केलेत, म्हणजे दोन्हीकडून कमाई. शिवाय समोर ब्रेंटफर्ड. त्यांचा मॅनेजर थॉमस फ्रँक टॉटनहॅमला गेला, २० गोल करणारा म्बेउमो मँचेस्टर युनायटेडला, कॅप्टन नॉरगार्ड आर्सेनलला, गोलकीपर फ्लेकेन लेव्हरकुसेनला. उरलेल्या विस्साला न्यूकॅसलला जायचंय. नवा मॅनेजर कीथ अँड्र्यूज कोणत्याही क्लबचा मुख्य मॅनेजर म्हणून पहिल्यांदाच उभा राहतोय. रविवारी फॉरेस्टच्या घरी त्यांचा निभाव लागणं कठीण दिसतं. क्रिस वूड साडेसातला आहे, गेल्या मोसमात त्याचेही २० गोल होते. तरी त्याच्याकडे फारसं कोणी बघत नाही याचं मला नवल वाटतं. मिडफिल्डमध्ये याच फॉरेस्टचा एलियट अँडरसन साडेपाचला आहे. तो पळतो, हिसकावतो, पुन्हा पळतो. बाराचा आकडा गाठणाऱ्यांत त्याचं नाव मोसमभर दिसेल.

आणि टॉटनहॅम. काल रात्री युरोपचा सुपर कप ज्यांनी पाहिला असेल त्यांना सांगायला नको. पॅरिस सेंट-जर्मेनविरुद्ध ८५व्या मिनिटापर्यंत २-० आघाडी, शेवटी बरोबरी आणि पेनल्टीवर हार. वाईट वाटलं. पण ते दोन गोल कोणी केले? व्हॅन डे व्हेन आणि रोमेरो, दोघेही सेंटर बॅक, म्हणजे मधले डिफेंडर, आणि दोन्ही गोल सेट पीसवर, म्हणजे फ्री किक-कॉर्नरसारख्या थांबलेल्या चेंडूवरून. फ्रँकने ब्रेंटफर्डला जे शिकवलं तेच तो इथे शिकवतोय. शनिवारी घरी बर्नली. व्हॅन डे व्हेन साडेचारला मिळतोय, त्याला सोडणं मला जमणार नाही.

बर्नलीलाही हलक्यात घेऊ नका. गेल्या मोसमात चॅम्पियनशिपच्या, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या लीगच्या, ४६ सामन्यांत त्यांनी फक्त १६ गोल खाल्ले. वरच्या लीगमध्ये हे टिकणार नाही हे मान्य, पण त्यांचा सेंटर बॅक एस्तेव्ह चार मिलियनला आहे आणि या टीमवर मोसमभर हल्ले होत राहणार. नव्या नियमात चार मिलियनचा असा माणूस बेंचवर बसवायचा की खेळवायचा, याचा विचार करावा लागेल.

आता सलाह आणि हालांड. दोघांना घेतलं की शंभरातले साडेअठ्ठावीस गेले. उरलेल्या तेरा जणांना सरासरी साडेपाच. यूट्यूबवरचे बहुतेक जण म्हणतात, हे परवडत नाही, हालांड सोडा. गेल्या वर्षी मीही तेच म्हटलं असतं. पण साडेचार-साडेपाचचे डिफेंडर स्वतःच्या कष्टावर गुण आणणार असतील, तर सहा मिलियनचे डिफेंडर घ्यायचेच कशाला? तिथे वाचलेल्या पैशात हालांड बसतो. इंग्लंडमध्ये आल्यापासून मोसमाच्या पहिल्या लीग सामन्यात तो दर वर्षी गोल करत आलाय: २०२२ मध्ये वेस्ट हॅमविरुद्ध दोन, २०२३ मध्ये बर्नलीविरुद्ध दोन, २०२४ मध्ये चेल्सीविरुद्ध एक. यंदा समोर वुल्व्ज, ज्यांचे कुन्या आणि आइत-नुरी दोघेही गेले. आइत-नुरी तर सिटीतच आलाय. पुढे सिटीला टॉटनहॅम, ब्रायटन, युनायटेड आणि आर्सेनल आहेत, म्हणून लोक घाबरतात. ते पुढचं पुढे बघू.

कॅप्टन, म्हणजे ज्याचे गुण दुप्पट धरतात तो, मात्र सलाहच. गेल्या मोसमात २९ गोल, १८ असिस्ट आणि फॅन्टसीत ३४४ गुण, हा विक्रम आहे. बोर्नमथच्या मागच्या चौघांतले तिघे गेलेत. हाउसेन रिअल माद्रिदला, झाबार्नी पॅरिसला आणि केर्केझ तर लिव्हरपूललाच. गोलकीपर केपाही आता आर्सेनलकडे. एवढ्या खिळखिळ्या बचावासमोर लिव्हरपूलच्या घरच्या अ‍ॅनफिल्डवर सलाह उभा असताना दुसऱ्या कोणाला कॅप्टनची पट्टी देणं मला पटत नाही.

पण त्या सामन्याबद्दल गुणांपलीकडेही बोलायला हवं. ३ जुलैला दिओगो जोटा आणि त्याचा भाऊ स्पेनमध्ये कार अपघातात गेले. जोटा २८ वर्षांचा होता, लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. क्लबने त्याचा २० नंबर कायमचा निवृत्त केला. त्यानंतरचा अ‍ॅनफिल्डवरचा हा पहिला लीग सामना. आपल्यापैकी कितीतरी जणांच्या टीममध्ये जोटा असायचा, तो फिट आहे का हे आपण दर शुक्रवारी शोधायचो. उद्या रात्री कोणी ब्लँक झाला, म्हणजे गोल-असिस्ट काहीच केलं नाही, म्हणून लिव्हरपूलच्या खेळाडूंना शिव्या देऊ नका, एवढी माझी विनंती आहे. ते माणसं आहेत आणि मित्र गमावून मैदानात उतरतायत.

नव्या खेळाडूंबाबत घाई नको. व्हिर्ट्झ, एकिटिके, ग्योकेरेस, शेश्को, चेर्की सगळेच मोठे, पण पहिल्या सामन्यात मी बघणार आहे ते त्यांची जागा, मिनिटं आणि पेनल्टी कोण घेतं ते. ग्योकेरेसने पोर्तुगालच्या लीगमध्ये ३९ गोल केले हे खरं, पण त्यात पेनल्टीही होत्या आणि आर्सेनलमध्ये त्या सहसा साका घेतो. त्यात पहिलाच सामना युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. नऊ मिलियन मी एक आठवडा राखून ठेवेन. याला अपवाद दोन. चेल्सीचा जोआओ पेद्रो साडेसातला आहे, क्लब वर्ल्ड कपमध्ये आल्या आल्या उपांत्य फेरीत दोन आणि अंतिम सामन्यात एक गोल, जागा पक्की. दुसरा सिटीचा रायंडर्स, साडेपाचला. मिलानकडून लीगमध्ये १० गोल करणारा मिडफिल्डर या किमतीत ठेवलाय, हे मला अजून खरं वाटत नाही.

इसाकचा विषय लांबवत नाही. २३ गोल केलेला स्ट्रायकर क्लब सोडायचं म्हणून बसून आहे आणि न्यूकॅसलने लिव्हरपूलची ऑफर नाकारली आहे. साडेदहा मिलियन त्याच्यावर अडकवू नका. शनिवारी व्हिलाविरुद्ध तो खेळेल असं मला अजिबात वाटत नाही. त्याच सामन्यात व्हिलाचा गोलकीपर मार्टिनेझ निलंबित आहे, तेही बघून घ्या.

यंदा सगळे चिप्स, म्हणजे एखाद्या आठवड्यापुरत्या वापरायच्या खास सवलती, दोनदा मिळणार आहेत आणि पहिला संच डिसेंबर संपण्याआधी वापरावा लागणार आहे, म्हणून वाइल्डकार्ड (अख्खी टीम बदलायची सवलत) उराशी धरून बसण्यात अर्थ नाही. आफ्रिकी देशांच्या आफ्रिका कपसाठी काही खेळाडू जाणार, म्हणून सोळाव्या आठवड्यात पाच ट्रान्सफर, म्हणजे खेळाडू बदलायच्या संधी, मिळतील, तेव्हा सलाह आणि म्बेउमोचं काय करायचं ते तेव्हा ठरवू.

माझी टीम जवळपास लागली आहे, फक्त पाचवा डिफेंडर अडलाय: एस्तेव्ह की लीड्सचा रोडन? गेल्या मोसमात चॅम्पियनशिप नियमित बघणारं कोणी असेल तर उद्या संध्याकाळपर्यंत नक्की सांगा. गुणांचे तक्ते पाठवू नका, ते मी पाहिलेत. कॉर्नरला हवेतल्या चेंडूवर आधी कोण झेपावतो, ते पाहिलेल्या माणसाचं मत हवंय.