दिसला स्क्रू की पिळा

जुनी मोटारसायकल फटफटायला लागली की दोष कार्बोरेटरचाच, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचाच, हे आधी ठरवून टाका. ठिणगीच्या पॉइंटची गॅप गेली असेल, ठिणगीचं टायमिंग सरकलं असेल, व्हॉल्व्हचे टॅपेट शेवटचे कधी लावले ते कुणालाच आठवत नसेल. पण त्यासाठी कव्हरं उघडावी लागतात. कार्बोरेटरचा स्क्रू कसा, बाहेरच असतो. शिवाय त्याला खाच असते, आणि खाच दिसल्यावर हात शिवशिवणारच.

इंजिन गरम व्हायची वाट पाहत बसू नका. थंड इंजिनावर, चोक अर्धा ओढून, स्लो (थ्रॉटल न देता इंजिन चालतं तो वेग) लावा. पुढे गाडी तापल्यावर बिनसेल, तेव्हा पुन्हा पिळता येईल.

मिक्श्चरचा स्क्रू फिल्टरच्या बाजूला असला तर बहुधा हवेचा, इंजिनाच्या बाजूला असला तर बहुधा पेट्रोलचा. अमल या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या कार्बोरेटरमध्ये तो हवेचा, म्हणजे आत घेतला की मिश्रण रिच, पेट्रोल जास्त. पेट्रोलच्या स्क्रूचं नेमकं उलट. असल्या बारकाव्यांत शिरू नका. मॅन्युअल म्हणतं, अलगद टेकेपर्यंत आत घ्या आणि साधारण दीड फेरा बाहेर काढा. त्यातला ‘अलगद’ छापखान्याची चूक समजा. जोर लावून पिळलात की स्क्रूच्या टोकावर छान कडं उमटतं आणि मग तो कुठेही ठेवला तरी सारखाच.

जेट, म्हणजे पेट्रोल मापून सोडणारं बारीक भोक, चोंदला? तार घाला. अमलच्या मेन जेटवरचा आकडा म्हणजे मिनिटाला किती सीसी पेट्रोल जातं त्याचं माप. तारेने भोक मोठं होतं, आकडा मात्र तोच राहतो. फुकटात मोठा जेट मिळाला की! कार्बोरेटर बसवताना फ्लॅंजचे, म्हणजे इंजिनाला टेकणाऱ्या पट्टीचे, नट अंगात येईल तेवढं बळ लावून आवळा. मऊ मिश्रधातूचा तो फ्लॅंज वाकतो, फटीतून हवा शिरते, आत थ्रॉटलची स्लाइड अडकायला लागते. म्हणजे स्क्रू पिळायला आणखी एक निमित्त.

कार्बोरेटरच्या सुईची क्लिप, पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची, जेट, सगळं एकाच संध्याकाळी बदला. गाडी सुधारली तर कशाने हे कळायची गरज नाही. बिघडली तर कळायची सोयच नाही. वहीत नोंद ठेवणारे लोक बहुतेक हिशेबनीस असतात.

आणि प्लगचा रंग बघाच, त्याशिवाय जाणकार म्हणवून घेता येत नाही. काही हट्टी मंडळी फुल थ्रॉटलवर गाडी पळवून, तिथल्या तिथे इग्निशन बंद करून, क्लच दाबून थांबतात आणि मग प्लग काढतात. तुम्ही दारात दहा मिनिटं स्लोवर धडधडत ठेवून काढा. काजळी दिसेलच, म्हणजे पेट्रोल जास्त. लगेच मेन जेट दोन नंबर लहान घाला. मेन जेटचा अंमल पाऊण थ्रॉटलच्या पुढे, स्लोशी त्याचा संबंध नाही, असं कुणी म्हणालं तर मंद हसा. यानंतर मोकळ्या रस्त्यावर, पेट्रोल कमी पडून इंजिन तापत असताना, गाडी आधी अंमळ जास्तच तडफेने पळेल, मग पळायची थांबेल. मधोमध भोक पडलेला पिस्टन टेबलावर शोभून दिसतो. त्यात दोन पेनं सहज उभी राहतात.