रूट कॅनलमध्ये अजून गुट्टा-पर्चाच का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रूट कॅनलमध्ये वापरल्या जाणाऱ्या साहित्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन आक्षेप घेतलेत. एक, बायोसिरॅमिकच्या (सिमेंटसारख्या नव्या साहित्याच्या) काळात दीडशे वर्षांपूर्वीचा झाडाचा चीक, म्हणजे गुट्टा-पर्चा, दातात भरणं हा डॉक्टरांचा आळस आहे आणि मी त्याची तरफदारी करतोय. दोन, दाताच्या नळ्या ‘ब्लीच’ने धुतात हे मी एका ओळीत उरकलं, म्हणजे पेशंटपासून लपवलं. शेवटी, स्वतःच्या दातात नेमकं काय भरलंय हे कसं कळणार, असंही विचारलंत.

आधी ब्लीच. हो, सोडियम हायपोक्लोराइट म्हणजे तेच रसायन. रूट कॅनलमध्ये ते साधारण 0.5 ते 6 टक्के तीव्रतेचं वापरतात. फाइल, म्हणजे नळी खरवडायची बारीक सुई, फिरते तेवढीच भिंत खरवडली जाते. पण मुळातल्या नळ्या गोल नसतात, त्या चपट्या असतात, त्यांना फाटे फुटलेले असतात, दोन नळ्यांच्या मध्ये बारीक फट असते. तिथला मेलेला पल्प (दाताच्या आतला मऊ गाभा) विरघळवायचा आणि जंतूही मारायचे, ही दोन्ही कामं करणारा दुसरा द्राव रोजच्या वापरात नाही. तुम्ही सुचवलेलं क्लोरहेक्सिडीन जंतू मारतं, पण पल्प विरघळवत नाही. शिवाय नळीत हायपोक्लोराइट उरलेलं असताना ते सोडलं, तर लालसर तपकिरी साका तयार होतो आणि भिंतीला चिकटून बसतो. फाइलने घासल्यावर भिंतीवर जो खनिजाचा लेप बसतो तो मात्र हायपोक्लोराइटने निघत नाही, त्यासाठी 17 टक्के ईडीटीए हे खनिज विरघळवणारं रसायन लागतं.

तुमची भीती निराधार नाही. हायपोक्लोराइट मुळाच्या टोकापलीकडे गेलं तर त्या क्षणी असह्य कळ येते, चेहरा सुजतो, काळानिळा पडतो. म्हणून बाजूला भोक असलेली सुई वापरतात, ती नळीत घट्ट रुतू देत नाहीत, टोकाच्या अलीकडेच थांबवतात आणि पिचकारी हळू दाबतात. डॉक्टरांना विचारायचंच असेल तर रबर डॅम, म्हणजे दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा, लावणार का, हे विचारा. द्राव घशात आणि लाळ नळीत जाऊ नये म्हणून तो असतो.

आता गुट्टा-पर्चा. नळीत बसवायच्या बारीक निमुळत्या काडीला पॉइंट म्हणतात; त्यात तो ‘चीक’ जेमतेम पाचवा हिस्सा असतो. सगळ्यात जास्त असतं झिंक ऑक्साइड. एक्स-रेवर दिसावं म्हणून बेरियम सल्फेटसारखं काहीतरी घालतात, थोडं मेण किंवा राळ असते. रबर आणि गुट्टा-पर्चा दोन्ही पॉलिआयसोप्रीनच, फक्त साखळीची मांडणी वेगळी, म्हणून रबर ताणलं जातं आणि हा ताठ राहतो. ताजा पॉइंट बोटांत वाकवला तर वाकतो, जुना झालेला असेल तर कट्‌कन तुटतो. साठ अंशांच्या आसपास तो इतका मऊ होतो की नळीत दाबून बसवता येतो.

दोष आहेतच. तो डेंटिनला (दाताच्या आतल्या कठीण थराला) चिकटत नाही आणि गरम करून भरला तर थंड होताना आकसतो. म्हणून भोवती सीलर, म्हणजे फटी बुजवणारा लेप, लागतोच. पण तो शरीराला सोसतो, आणि मुख्य म्हणजे परत काढता येतो. क्लोरोफॉर्म किंवा निलगिरीच्या तेलाने तो विरघळतो, उष्णतेने मऊ होतो. पुन्हा रूट कॅनल करायची वेळ येते तेव्हा या एका गुणावर दात वाचतो. टणकपणा हाच निकष असता तर चांदीचे पॉइंट आजही चालले असते. ते नळीत सरळ जायचे, एक्स-रेवर झकास दिसायचे. पण गोल तारेभोवती चपट्या नळीत फट राहायची, तिथे ओल पोचायची, चांदी गंजायची आणि भोवतालचे ऊतक चिडायचे.

बायोसिरॅमिकचा मी विरोधक नाही. त्यातलं एमटीए नावाचं सिमेंट 1993मध्ये अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात महमूद तोराबिनेजाद यांच्या कामातून पुढे आलं. मुख्यतः पोर्टलंड सिमेंट आणि बिस्मथ ऑक्साइड, म्हणजे इमारतीचं सिमेंटच सोवळं नेसून आलंय. ओल असतानाच ते घट्ट होतं. त्यामुळे मुळाला भोक पडलं असेल, लहान मुलाच्या मुळाचं टोक अजून उघडं असेल किंवा शस्त्रक्रिया करून टोक बंद करायचं असेल, तिथे ते गुट्टा-पर्चापेक्षा केव्हाही सरस. पण मूळ एमटीएला घट्ट व्हायला पावणेतीन तास लागतात, दात काळवंडू शकतो, आणि वाकड्या नळीत पूर्ण भरून घट्ट झालेलं एमटीए काढणं जवळपास अशक्य, कारण त्याला धड विरघळवणारा द्रावच नाही. तुम्ही ज्या बायोसिरॅमिकचा दाखला देता ते रोजच्या रूट कॅनलमध्ये बहुधा सीलर म्हणून येतं, आणि त्याच्या मधोमध पॉइंट असतो तो गुट्टा-पर्चाचाच! पुढेमागे आत शिरायला वाट हवी ना.

तुमच्या दाताचं म्हणाल, तर एक्स-रेवर नळीतली पांढरी रेघ बघा. ती सलग असावी आणि टोकाच्या अलीकडे, पण दोन मिलिमीटरच्या आत संपावी. सीलर कुठला हे मात्र एक्स-रे सांगत नाही, ते दवाखान्याच्या नोंदीत मिळेल. आणि वरचं तात्पुरतं फिलिंग निघालंय असं तुम्ही जाता जाता लिहिलंय, ते आधी भरून घ्या. लाळ आत झिरपत राहिली तर खाली काय भरलंय याला फारसा अर्थ उरत नाही.