एक गोणीसुद्धा

"बांगलादेशला एक गोणीसुद्धा जाऊ देऊ नका. सिंगापूरकडून शिका म्हणावं. एवढासा देश, पण कुणाला भीक घालत नाही."

हे माझ्या चुलतभावानं घरच्या ग्रुपवर लिहिलं. निफाड तालुक्यात त्याची सहा एकर जमीन आहे आणि त्यातल्या चार एकरांत कांदा असतो. माझ्याहून तो वयानं मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. खाली अकरा जणांनी अंगठे दिले, त्यात काकूसुद्धा. मी उत्तर लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. शेवटी काहीच न पाठवता फोन पर्समध्ये टाकला आणि एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, चढले. त्याला आता कितीतरी महिने झाले, तरी ती ओळ डोक्यातून जात नाही.

दक्षिण आणि आग्नेय आशियातली सुरक्षा, व्यापार आणि विकास हा माझा अभ्यासाचा विषय आहे. गेली एकोणीस वर्षं सिंगापुरात बसून मी त्याच त्या सीमा, बंदरं आणि करार यांवर टिपणं लिहिते. त्यामुळे दादाच्या मताचा मला राग आला नसता. मतं रोज वाचते. राग आला तो सिंगापूरचं नाव घेतल्याचा. गावाकडे सिंगापूर म्हणजे दंड, शिस्त आणि ताठ मान. ही ताठ मान कशावर उभी आहे, ते कुणी विचारत नाही.

धोबी घाटच्या स्टेशनातून बाहेर पडलं की ऑर्चर्ड रोडवर लाल विटांची मॅकडोनाल्ड हाउस लागते. १० मार्च १९६५ ला इंडोनेशियाच्या दोन नौसैनिकांनी तिथे बॉम्ब ठेवला. तीन माणसं मेली, तेहेतीस जखमी झाली. सिंगापूरनं त्या दोघांना पकडलं, खटला चालवला आणि ऑक्टोबर १९६८ मध्ये फाशी दिली. जकार्तात जमावानं सिंगापूरच्या वकिलातीची नासधूस केली. पण मधल्या काळात, ऑगस्ट १९६७ मध्ये, हेच दोन देश मलेशिया, थायलंड आणि फिलिपिन्सबरोबर बँकॉकमध्ये एका टेबलाशी बसले आणि आसियान ही आग्नेय आशियाई देशांची संघटना जन्माला आली. फाशीनंतरही कुणी ती मोडली नाही. १९७३ मध्ये सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू जकार्ताला गेले आणि कालिबाताच्या स्मशानभूमीत त्याच दोन सैनिकांच्या कबरींवर त्यांनी फुलं वाहिली. पुढे २०१४ मध्ये इंडोनेशियानं त्या दोघांची नावं आपल्या युद्धनौकेला दिली, तेव्हा ती नौका आमच्या बंदरात येणार नाही, असं सिंगापूरनं रोखठोक सांगितलं. मालाची जहाजं मात्र येत-जात राहिली.

दादा, याला भीक न घालणं म्हणायचं असेल तर खुशाल म्हण. पण मग पूर्ण गोष्ट सांग.

पाण्याचंच बघा. मलेशियातून सिंगापूर वेगळं झालं ९ ऑगस्ट १९६५ ला, तेही कडवटपणे. पण त्याआधीचा १९६२ चा पाणीकरार आजही चालू आहे, २०६१ पर्यंत चालेल. जोहोर नदीतून दिवसाला २५ कोटी गॅलनपर्यंत पाणी घेण्याचा हक्क त्यानं दिला. दरावरून भांडणं झाली, दोन्हीकडच्या नेत्यांनी एकमेकांना काय काय सुनावलं. नळ कोरडा पडला नाही. त्याच वेळी सिंगापूरनं सांडपाणी शुद्ध करायला घेतलं, समुद्राचं पाणी गोडं करायला घेतलं. शेजाऱ्याशी करार करायचा, तो पाळायचा आणि तो मोडला तर काय, याची तयारी आपल्या घरात ठेवायची. मला यात शहाणपण दिसतं, आणि हे मी गावी बोलले की "तुझं सिंगापूर, तुझं सिंगापूर" असं ऐकून घेते.

२०२२ च्या जूनमध्ये मलेशियानं कोंबडीची निर्यात बंद केली. महिन्याला छत्तीस लाख कोंबड्या. इथल्या कोंबडीचा साधारण तिसरा हिस्सा तेव्हा तिकडून येत होता, तोही बराचसा जिवंत. टेक्का मार्केटमधल्या माझ्या नेहमीच्या गाळ्यावर पहिल्या आठवड्यात पांढऱ्या फरशीचा ओटा धुऊन कोरडा ठेवलेला होता आणि मालक स्टुलावर बसून होता. त्या काळात मलेशियाला धडा शिकवा, असं मी इथल्या कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. महिनाभरात इंडोनेशियाहून कोंबडी आणायला परवानगी मिळाली. मलेशियानं बंदी उठवल्यावर तिकडची कोंबडी परत आली. पण एक गाळा गेल्यावर दुसरा कुठे आहे, हे आता सगळ्यांना माहीत झालं होतं.

बांगलादेशनं आपल्या कांद्याबाबत हेच केलं.

२९ सप्टेंबर २०१९ ला भारतानं कांद्याची निर्यात एकाएकी थांबवली. थोड्याच दिवसांत शेख हसीना दिल्लीत आल्या आणि भर सभेत हिंदीत म्हणाल्या की, मी आता स्वयंपाक्याला सांगितलंय, जेवणात कांदा घालू नकोस. बंद करायचा तर आधी कळवत जा, एवढंच त्यांचं मागणं होतं. सभागृह हसलं. मी ती चित्रफीत कितीदा पाहिली असेल. मला हसू आलं नाही. त्या वर्षी ढाक्यात कांदा किलोला दोनशे बांगलादेशी टक्यांच्या वर गेला, विमानानं आणावा लागला. पुढच्याच वर्षी १४ सप्टेंबरला परत बंदी, न कळवता. सीमेवर गाड्या उभ्या, गाड्यांत कांदा सडतोय. मग ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरमध्ये टनाला ८०० डॉलर किमान दर, आणि ८ डिसेंबरला पुन्हा बंदी. मे २०२४ मध्ये ती उठली, पण शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

त्या डिसेंबरात मी गावी होते. लाल कांद्याचा हंगाम. हा कांदा उन्हाळ कांद्यासारखा कांदाचाळीत टिकत नाही. काढला की विकायचा. दादाची ट्रॉली भरून अंगणात उभी होती आणि लिलाव बंद. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तर वास आला. आम्ही दोघं आणि वहिनी खाली बसून निवडायला लागलो. चांगला एकीकडे, गोल्टी म्हणजे बारका कांदा एकीकडे, आणि अंगठ्यानं दाबला की देठाशी पाणी सुटतं तो बांधावर. दादा एक शब्द बोलत नव्हता. त्याची बोटं काळी झाली होती. चौथ्या दिवशी वक्कल, म्हणजे तो सगळा ढीग, कवडीमोलानं गेलं. तो दिल्लीला, व्यापाऱ्याला, सगळ्यांना बोलला. त्या रागात मी त्याच्या पूर्ण बाजूनं होते आणि आजही आहे.

म्हणून ती ओळ मला इतकी लागली. ज्यानं दार बंद झाल्याचा वास स्वतःच्या अंगणात घेतलाय, तोच आता म्हणतो, दार बंद करा.

दुसऱ्या बाजूला काय झालं, ते आमच्या ग्रुपवर कुणी टाकत नाही. बांगलादेशनं स्वतःचा कांदा वाढवला, स्वतःचा हंगाम आला की आयातीचे परवाने रोखायला सुरुवात केली, आणि कमी पडेल तो दुसरीकडून आणायची सवय लावून घेतली. त्यांनी संत्र्यावरचं शुल्क वर्षानुवर्षं वाढवत नेलं आणि वरुड-मोर्शीच्या बागाईतदारांचं हक्काचं गिऱ्हाईक गेलं. विदर्भातला कापूस घ्या. भारताच्या कापसाचं आणि सुताचं बांगलादेश हे फार मोठं गिऱ्हाईक. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्यांनी जमिनीवरच्या नाक्यांवरून आपलं सूत घेणं बंद केलं, मे महिन्यात आपण त्यांचे तयार कपडे नाक्यांवर अडवले आणि फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोन बंदरं उघडी ठेवली. ज्या देशाशी आपली ४,०९६ किलोमीटरची सीमा आहे, त्याचा शर्ट जहाजातून श्रीलंकेला वळसा घालून उरणला येणार. यातून कोणाची सुरक्षा किती वाढली, हे मला कुणी मांडून दाखवावं. मी खरंच वाचेन.

सुरक्षेचा मुद्दा खोटा आहे, असं मी म्हणत नाही. ग्रुपवर एका भाचीनं २६/११ ची आठवण काढली आणि मी गप्प झाले. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबादची सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेची, परिषद रद्द झाली, ते बरोबरच होतं असं मी त्या वेळी लिहिलं होतं. पण ती थांबली ती थांबलीच. शेवटची परिषद काठमांडूची, नोव्हेंबर २०१४ ची. आपल्या सगळ्या देशांच्या एकूण व्यापारात आपसातला व्यापार जेमतेम पाच टक्के आहे. आसियानमध्ये तो पाचव्या हिश्शाहून जास्त. पाकिस्तानवरचा राग आपण सगळ्या शेजाऱ्यांना वाटून टाकतो, अशी माझी तक्रार आहे. ढाका, कोलंबो, काठमांडू यांना मोठ्या शेजाऱ्याचा धाक वाटतो, तो आपल्याला कधी दिसत नाही. मी लहान देशात राहते, मला तो दिसतो. मोठा शेजारी सकाळी कुठल्या मूडमध्ये उठतो, यावर आपलं जेवण ठरू नये म्हणून केवढी धडपड चालते, ती मी इथे रोज बघते.

मी "आपण" लिहिते, तेव्हा कोण, हे आता सांगायला हवं. मध्यंतरी एका परिषदेत जेवणाच्या रांगेत ढाक्याची एक संशोधक माझ्यापुढे होती. ताटात सॅलड घेता घेता ती मला म्हणाली, "तुम्ही परत कधी बंद करणार?" कांदा हा शब्दही उच्चारायची गरज नव्हती. मी पटकन म्हणाले, "आम्ही आता नाही करणार." कुणाच्या वतीनं बोलले मी? दिल्लीत मला कोण विचारतं? पण तोंडून तेच आलं. आणि दादा ज्या रात्री चिडला, त्या रात्री त्यानं फोनवर मला सुनावलं, "तुम्हाला तिथं बसून बोलायला काय जातंय." त्याचं "तुम्हाला" माझ्यासाठी नव्हतं, मला तो कधी अहो-जाहो करत नाही. ते सिंगापूरवाल्यांसाठी होतं.

तो बरोबर असेल. माझा पासपोर्ट भारताचा आहे, पण माझा मुलगा पुढच्या वर्षी एनएसला, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेला, जाईल. पीआर, म्हणजे इथला कायमचा रहिवास, घेतला तेव्हा तो दोन वर्षांचा होता आणि सही मी केली. तेकोंग या लष्करी प्रशिक्षणाच्या बेटाच्या बोटीत बसवायला आईवडील जातात, तशी मीही जाईन. उभ्या आयुष्यात सुरक्षा या शब्दावर मी हजारो पानं लिहिली असतील, पण मुलाची मापं मागणारं पत्र आलं, छातीचं, बुटाचं, त्या दिवशी पहिल्यांदा तो शब्द मला जड वाटला. इथल्या शांततेचा प्रत्येक करार मला आता आईच्या नजरेनं वाचावा लागतो. कालिबाताच्या फुलांबद्दल मला इतकं का वाटतं, ते दादाला सांगितलं नाही. ते कारण हे आहे. सीमेवरच्या जवानाची आई निफाडातही आहे, आणि तिचं ऐकल्यावर माझ्या सगळ्या आकड्यांचा आवाज बारीक होतो, हेही खरं.

गेल्या आठवड्यात दादाचा फोन आला. उन्हाळ कांदा चाळीत पडून होता, खालच्या थराला कोंब फुटायला लागले होते. भाव सांगितला, तो इथे लिहवत नाही. थोडा वेळ दोघंही गप्प. मग म्हणाला, "तुझ्या ऑफिसात काही कळतं का गं, बांगलादेश कधी उघडणार?"

मी त्याला त्या ओळीची आठवण दिली नाही. ढाक्याच्या त्या बाईला मेल केला आणि परवाने कधी निघतात ते विचारलं.