लांडग्याचा वाटा

लांडगा मी पाहिला तो सुप्याच्या माळावर, सहावीत असताना. दिवाळीच्या सुट्टीत आजोळी गेलो होतो. शेतात धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढरांसकट फिरता तळ, उतरला होता. पहाटे कुत्री एकदम उठली आणि कुसळीतून एक उंच पायांचं, भुरकट जनावर तोंडात कोकरू धरून निघून गेलं. म्हाताऱ्या मेंढक्याने वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचं जाळं, नीट केली, मेंढरं मोजली आणि म्हणाला, "त्याचा बी वाटा असतोय."

आता सहा वर्षं मी उत्तर स्वीडनमध्ये, लुलिओला राहतोय. आर्क्टिक वर्तुळ इथून गाडीने दोन तासांवर. चहूकडे पाइन, स्प्रूस आणि बर्फ. इथे एकही लांडगा मला दिसलेला नाही.

हे लिहायचं कारण मामेभावाचा फोन. सुप्याकडे पुन्हा तोच वाद पेटलाय. एक बाजू म्हणते लांडगा वाचवा, दुसरी म्हणते आमच्या मेंढरांचं काय. आणि कुणीतरी म्हणतंच, "युरोपात बघा, कसं जपतात!" त्यांना मला इथलं खरं सांगायचंय.

स्वीडन महाराष्ट्राच्या जवळजवळ दीडपट. माणसं जेमतेम एक कोटी. एवढ्या देशात लांडगे साधारण साडेतीनशे, आणि किमान 170 राहिले तरी पुरे, अशी सरकारची भूमिका आहे. 1966 साली त्यांना संरक्षण मिळालं तेव्हा ते संपल्यातच जमा होते. 1983 मध्ये देशाच्या पश्चिमेकडच्या वार्मलंड प्रांतात पुन्हा पिल्लं झाली. आजचे जवळजवळ सगळे लांडगे मोजक्याच पूर्वजांची संतती आहेत, म्हणून त्यांच्यात अंतःप्रजननाचे, म्हणजे नात्यातल्या नात्यात वीण झाल्याचे, दोष दिसतात. नवं रक्त येणार फिनलंड-रशियाकडून, म्हणजे नेमकं आमच्या उत्तरेतून. पण उत्तर म्हणजे रेनडियरचा मुलूख. तिथे लांडग्याने पिल्लं घालून ठाण मांडू नये, असंच धोरण आहे. वाट चुकलेला बहुतेक वेळा गोळी खातो. काहींना बेशुद्ध करून हेलिकॉप्टरने दक्षिणेला नेऊन सोडलंय.

यात रेनडियर पाळणाऱ्या सामी आदिवासींना मी दोष देणार नाही. फेब्रुवारीत योकमोक गावच्या बाजारात त्यांच्यातल्या एकाशी बोललो. 1605 पासून भरणारा हा बाजार, बाहेर उणे अठ्ठावीस. त्याने हातमोजा काढून रेनडियरच्या कानावरची खूण दाखवली. सुरीने घेतलेल्या दोन खाचा, त्याच्या घराण्याच्या. म्हणाला, मारलेलं जनावर मोजता येतं, पण उधळलेला कळप मोजता येत नाही. गाभण माद्या खोल बर्फात धावून थकतात, कळप शेजाऱ्याच्या कळपात मिसळतो, गोळा करायला दिवस जातात. ऐकताना मला सुप्याचा तो मेंढकाच आठवत होता.

म्हणून युरोपाकडून धनगराने सहनशीलता शिकावी, हे मला पटत नाही. आपला लांडगा देशात तीन हजारांच्या आसपास उरलाय. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला सर्वांत कडक संरक्षण आहे, पण तो राहतो गवताळ माळावर, मेंढरांच्या आणि वस्तीच्या शेजारी. आणि त्या माळाला सरकारदरबारी शब्द आहे 'पडीक'. पडीक म्हटलं की सोलर येतो, प्लॉट पडतात. माळ गेला की लांडगा आणि धनगर दोघेही जातात, हे दोन्ही बाजूंनी भांडणाऱ्यांच्या लक्षात कसं येत नाही?

इथली एक गोष्ट मात्र जरूर उचलावी. सामी पशुपालकांच्या गटांना 1996 पासून भरपाई मिळते ती मेलेली जनावरं मोजून नाही. गटाच्या हद्दीत किती शिकारी प्राणी आहेत, त्यांना पिल्लं झाली का, यावर ती ठरते. लिंक्स (मोठं रानमांजर) किंवा वुल्व्हरीन (छोट्या अस्वलासारखा दिसणारा शिकारी प्राणी) यांची पिल्लं दिसली की पैसे. म्हणजे जिवंत पिल्लाला किंमत आहे. रक्कम पुरत नाही अशी तक्रार मी ऐकलीये आणि ती खरी असावी. पण तत्त्व मला फार मोलाचं वाटतं. ज्या माळावर लांडगीची वीण सुखरूप वाढली, तिथे चारणाऱ्या वाड्यांना वर्षाला ठरावीक रक्कम का देऊ नये?

मामेभाऊ सांगत होता, यंदा त्याच्या शेतात बसलेल्या वाड्यातली दोन कोकरं गेली. भरपाईच्या पंचनाम्यासाठी थांबायचं तर तिथला चारा संपलेला, आणि कोकरं लांडग्याने पार नेलेली, दाखवायला काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी घोड्यांवर बिऱ्हाड लादून वाडा फलटणच्या वाटेला लागला.