मसुदा मुरवण्याची कृती

विकास हवाय ना? मग पर्यावरणाच्या कायद्याला विरोध कशाला करता? विरोध करणाऱ्याचं नाव पेपरात येतं. तुम्ही हार घालून स्वागत करा आणि कायदा मसुद्यातच मुरू द्या. लोणच्यासारखा, फक्त बरणी कधी उघडायची नाही.

पश्चिम घाटाचंच बघा. हा घाट कसा राखायचा हे सांगायला 2010 साली पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळांची समिती बसली, ऑगस्ट 2011मध्ये अहवाल आला. गाडगीळ म्हणत होते ग्रामसभांना विचारा. अहवाल गेला कपाटात. माहिती अधिकारवाले हात धुऊन मागे लागले, तेव्हा कुठे मे 2012मध्ये तो बाहेर आला. अशा वेळी घाबरायचं नाही, समितीवर समिती बसवायची. गाडगीळांनी अख्खा घाट पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हटला होता. कस्तुरीरंगन समितीने 2013 साली तो 37 टक्क्यांवर आणला. मंडईत मेथीच्या जुडीलाही एवढी सूट मिळत नाही.

मार्च 2014मध्ये हा संवेदनशील भाग जाहीर करणाऱ्या केंद्राच्या अधिसूचनेचा पहिला मसुदा निघाला. हरकतींना 60 दिवस. आता तुमचं काम. टपरीवर एवढंच सोडून द्या, ‘घरावर पत्रा टाकायचा तरी दिल्लीला विचारावं लागणार हां!’ बंदी खाणींवर, वाळूउपशावर, नव्या औष्णिक प्रकल्पांवर आणि लाल वर्गातल्या, म्हणजे सर्वाधिक प्रदूषण करणाऱ्या कारखान्यांवर आहे, हे कशाला सांगताय? ग्रामसभेत ओरडायला कलमंवाला बागायतदार पुढे करा. चिरेखाणीचा मालक मागच्या खुर्चीत बसून चहाचं बघेल.

मुदत संपली की नवा मसुदा. सहावा निघाला 31 जुलै 2024ला. आदल्याच पहाटे केरळात वायनाडमध्ये डोंगर खाली आला होता, आणि बरोबर दहा वर्षांपूर्वी, त्याच 30 जुलैला, आपलं माळीण गाडलं गेलं होतं. असल्या तारखा लक्षात ठेवू नका, उगाच झोप उडते. उलट हिशेब बघा: ढिगारा उपसायला पोकलेन, मग संरक्षक भिंत, नवा रस्ता, पुनर्वसनाची घरं. सगळी कंत्राटंच, आणि सगळी विकासदरात धरतात. उभ्या डोंगराचं कुठे बिल निघतं?

मीही परवा हरकत लिहायला बसलो होतो. पहिलं वाक्य चांगलं जमलं होतं. तेवढ्यात दारात गाडी लागली आणि ड्रायव्हरने हाक मारली, ‘काका, कंपाउंडचे चिरे आणलेत, उतरवू कुठे?’