वारी दाखवायची तर एक दिंडी धरा

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघाली की मागोमाग वाहिन्यांच्या थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, म्हणजे ओबी व्हॅनही निघतात. मग दरवर्षीचा तोच कार्यक्रम. दिवे घाटावरून ड्रोन, नीरेचं स्नान, सदाशिवनगरचं रिंगण आणि अधूनमधून डोक्यावर तुळस घेतलेली निवेदिका. ड्रोनमधून गर्दी दिसते. वारीची शिस्त मात्र जमिनीवरूनच दिसते, आणि ती दाखवायला कुणाला सवड नसते.

पालखीच्या रथापुढं २७ दिंड्या चालतात, मागं शेकडो. प्रत्येकीचा क्रमांक आणि जागा ठरलेली. दिंडीत पुढं पताकावाले, मग टाळकऱ्यांच्या रांगा, मध्ये पखवाज, पाठीमागं विणेकरी. अशी एकच दिंडी धरून कॅमेरावाला दिवसभर चालला, तर पहाटेच्या काकड्यापासून संध्याकाळच्या हरिपाठापर्यंतचा सगळा क्रम आपोआप मिळतो. हे माहीत नसलं की एडिटिंगला बसलेला माणूस सकाळच्या उन्हातल्या दृश्यांवर खुशाल हरिपाठ चिकटवतो. माळकऱ्यांच्या घरात तिथंच हसू फुटतं.

खरी बोंब आवाजाची आहे. टाळ छातीच्या उंचीवर वाजतो, निवेदकाचा कॉलर माइकही तिथंच. त्यात ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमीजास्त करणारी सोय, चालू असला की प्रत्येक ठोक्याला रेकॉर्डर आवाज दाबतो आणि टाळाबरोबर अभंगाचे शब्दही बुडतात. मग ते झाकायला वरून बासरी आणि सिंथेसायझर! उपाय साधा आहे. गेन हातानं लावा, सर्वांत मोठा ठोका रेकॉर्डरच्या मीटरवर उणे १२ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, माइक काठीवर चढवून टाळांच्या वरून गाणाऱ्यांच्या तोंडाकडे वळवा. घाटात वारा असतो, त्यामुळे माइकला केसाळ टोपी हवीच. नुसता फोम तिथं पुरत नाही.

रिंगणातही घाई नडते. आधी पताकावाले, तुळशीवाल्या, विणेकरी, पखवाजी धावतात, मग अश्व. दोन घोड्यांतला ज्याच्यावर स्वार नाही तो माउलींचा. कॅमेरे बहुतेक वेळा स्वाराच्याच मागं लागतात, फेट्यामुळे असेल. घोडा थांबला की जाहिरात, आणि त्याच वेळी पालखीभोवती टाळकऱ्यांची उडी, म्हणजे टाळ वाजवत उड्या मारण्याचा खेळ, सुरू होते, जी खरं तर पाहण्यासारखी असते.

आणि मुक्कामाच्या तळावरची समाज आरती? पालखी मधोमध, भोवती दिंड्या, टाळांचा कल्लोळ. शिस्त राखणाऱ्या चोपदारानं हातातली काठी, म्हणजे चोप, उंचावला की सगळं चिडीचूप. जिची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते. मग चोपदार तिच्याकडे जातात आणि गाऱ्हाणं ऐकून घेतात. हरवल्या-सापडल्याची यादी आणि दुसऱ्या दिवशीच्या निघण्याची वेळ तिथंच पुकारतात. इतका मोठा जमाव लाऊडस्पीकरवर न ओरडता कसा चालतो, ते इथं कळतं. पण त्या वेळी वाहिन्यांवर चर्चेचा तास असतो. निदान एका मुक्कामाची आरती, वाल्ह्याची किंवा तरडगावची, निवेदकाला गप्प बसवून सलग दाखवा.